मिठाच्या पाण्याचा चेंडू

कोलोनला ऑनसाइट असताना टीममधल्या एकाने विचारलं, "पोहता येतं ना? मग शनिवारी अंडरवॉटर रग्बीला चल!" आमचं पोहणं म्हणजे पाठीला भोपळा बांधून गावच्या विहिरीत शिकलेलं. म्हटलं, बघू तरी.

गंमत म्हणजे हा खेळ याच शहरात जन्मला. साधा चेंडू पाण्यावर तरंगतो, मग डायव्हर लोकांनी खाली खेळायचं काय? १९६१ मध्ये इथल्या डायव्हिंग क्लबच्या लुडविग फॉन बेर्सुडा यांनी चेंडूत मिठाचं पाणी भरलं. ते गोड्या पाण्यापेक्षा जड, त्यामुळे चेंडू बुडतो. झाला खेळ तयार! पण तो निव्वळ वॉर्म-अपपुरता. त्याला स्पर्धेचं रूप दिलं डॉ. फ्रान्झ योसेफ ग्रिममाइसेन यांनी. ४ ऑक्टोबर १९६४ ला म्युलहाइममध्ये पहिला अधिकृत सामना झाला. यजमानांनी ड्युइसबुर्गला ५-२ ने हरवलं. पुढे स्कँडिनेव्हियाने खेळ उचलून धरला. १९७८ मध्ये आंतरराष्ट्रीय डायव्हिंग महासंघाची मान्यता मिळाली आणि १९८० मध्ये पहिली विश्वस्पर्धा, तीही म्युलहाइमलाच.

नियम सोपे. साडेतीन ते पाच मीटर खोल तलाव, तळाला दोन टोकांना दोन जड बादल्या, तेच गोल. प्रत्येक बाजूचे सहा जण पाण्यात, बदली खेळाडू काठावर. चेंडू पाण्याबाहेर न्यायचा नाही. चेंडू ज्याच्याकडे, त्यालाच धरायचं.

मास्क, स्नॉर्केल, फिन्स चढवून उतरलो. तळाशी जाईपर्यंत कान दडपले. नाक दाबून हवा सोडायची, हे आधीच शिकवलं होतं म्हणून वाचलो. मला गोलवर बसवलं, म्हणजे पाठ टेकून बादलीचं तोंड झाकायचं. दहा-बारा सेकंदांत छाती फुटायला आली. पण वर गेलो तर गोल उघडा! हट्टाने थांबलो. शेवटी जोडीदाराने मला बाजूला ढकलून जागा घेतली.

वर आल्यावर तो चिडलाच. "श्वास संपायच्या आधी वर ये. तुझ्या जागी यायला मी आहे ना!"

ऑफिसात डेडलाइनच्या तळाशी दम कोंडून बसणाऱ्या मला हे कुणीच सांगितलं नव्हतं. असो. तुम्हालाही शिकायचं असेल तर एकच विनंती: श्वास रोखायचा सराव एकट्याने कधीच करू नका, अगदी उथळ पाण्यातही. काठावर कुणीतरी हवंच.

पुढच्या शनिवारी पुन्हा गेलो. या वेळी वेळेवर वर आलो.