गोगलगायीच्या विषाने धरलेला धागा

१९५३ साली लंडनमधल्या एका रुग्णाची हकिगत छापून आली. वय ४७, फुफ्फुसात गाठ, हातापायांत अशक्तपणा. भूल देताना त्याला सक्सिनिलकोलीन हे स्नायू सैल करणारे औषध दिले, तेव्हा त्याचा श्वास नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वेळ थांबून राहिला. पुढे गाठ काढली आणि अशक्तपणाही ओसरला. छातीतल्या गाठीचा मांड्यांतल्या बळाशी काय संबंध? एका रक्ततपासणीची कुळकथा या प्रश्नापासून सुरू होते.

अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये एडवर्ड लॅम्बर्ट आणि ली ईटन यांनी १९५६ साली अशा रुग्णांच्या मज्जातंतूंना विजेचे झटके देऊन स्नायूंचा प्रतिसाद मोजला. पहिला प्रतिसाद अगदी क्षीण यायचा. मात्र झटके भराभर दिले की तो वाढत जायचा. मायस्थेनिया या स्नायू दुबळे करणाऱ्या आजारात याच्या उलट, स्नायू वापरावा तसा थकत जातो. म्हणजे हा आजारच निराळा होता. त्याला दोघांचे नाव मिळाले.

संबंध जुळायला आणखी पंचवीस वर्षे गेली. १९८१ साली लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात जॉन न्यूसम-डेव्हिस, बेथन लँग, अँजेला व्हिन्सेंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांच्या रक्तातली प्रतिपिंडे, म्हणजे अँटिबॉडीज, उंदरांना टोचली. उंदरांच्या मज्जातंतूंच्या टोकांतही तोच दोष उतरला. मला ही या कथेतली सर्वांत निर्णायक पायरी वाटते, कारण आजार रक्तातूनच नेता येतो हे तिथे दिसले. मज्जातंतूच्या टोकाला कॅल्शियमची दारे असतात. ती उघडून कॅल्शियम आत आले की ॲसिटाइलकोलीन हे स्नायूला संदेश देणारे रसायन बाहेर पडते आणि स्नायू हलतो. प्रतिपिंडे या दारांचीच संख्या घटवतात. फुफ्फुसाच्या स्मॉल सेल कर्करोगाच्या पेशींवरही अशीच दारे असतात. शरीर कर्करोगाशी लढायला प्रतिपिंडे बनवते आणि ती मज्जातंतूंवरही जाऊन आदळतात. निम्म्याहून थोड्या अधिक रुग्णांत हेच घडते. उरलेल्यांत कर्करोग सापडत नाही.

पण रक्तातली ही प्रतिपिंडे ओळखायची कशी? त्यासाठी त्या दारांना पक्की चिकटणारी खूण हवी होती. ती समुद्रातून आली. फिलिपिन्सचे बाल्डोमेरो ऑलिव्हेरा यांना लहानपणापासून शंख गोळा करायचा नाद होता. परदेशातून शिकून मनिलाला परतल्यावर हाताशी उपकरणे फारशी नव्हती, म्हणून त्यांनी कोन जातीच्या समुद्री गोगलगायींचे विष अभ्यासायला घेतले. यांतल्या काही गोगलगायी विषारी दाताचा भाला मारून जिवंत मासे पकडतात. पुढे अमेरिकेत, युटा विद्यापीठात, त्यांच्या प्रयोगशाळेत मायकेल मॅकिंटॉश या कोवळ्या वयाच्या विद्यार्थ्याने त्या विषातून ओमेगा-कोनोटॉक्सिन वेगळे काढले. हे रसायन नेमकी कॅल्शियमची दारे अडवते. माशाला लुळे करायला गोगलगायीने जी जागा हेरली होती, तिथेच माणसाचे प्रतिपिंड घाव घालत होते.

मग तपासणीची रीत बसली. मेंदूच्या ऊतीतून दारांचे प्रथिन काढायचे, त्याला किरणोत्सारी आयोडीन लावलेले विष चिकटवायचे आणि त्यात रुग्णाचा रक्तद्रव मिसळायचा. प्रतिपिंडे असली तर ती दार आणि विष दोन्ही धरून ठेवतात. मग मानवी प्रतिपिंडांना पकडणारे दुसरे प्रतिपिंड घालून सगळा साका खाली बसवायचा आणि त्यातला किरणोत्सार मोजायचा. पहिल्या खेपेला वापरलेले विष ‘एन’ प्रकारच्या दारांना चिकटणारे होते, त्यामुळे पुष्कळ रुग्ण निसटत. स्नायूला चालवणारी दारे मुख्यत: ‘पी/क्यू’ प्रकारची. त्यांना धरणारे एमव्हीआयआयसी हे विष १९९२ मध्ये हाती आले, तेही गोगलगायीच्या अंगातून काढून नव्हे: विषग्रंथीतल्या जनुकीय संदेशावरून रचना वाचून ते प्रयोगशाळेत घडवले होते. १९९५ मध्ये ऑक्सफर्डच्या चमूने ते वापरले, तेव्हा सुमारे ८५ टक्के रुग्णांची तपासणी सकारात्मक आली.

या आकड्यामागे जिन्याच्या पायऱ्या चढता न येणारी माणसे आहेत. ‘थकवा आहे, विश्रांती घ्या’ असे ऐकून त्यातली कित्येक घरी परतलेली असतात. अशक्तपणा अनेकदा कर्करोग दिसण्याच्या महिनोन्‌महिने आधी येतो. म्हणून तपासणी सकारात्मक आली की डॉक्टर छातीचा स्कॅन करायला लावतात, आणि पहिल्यांदा काही दिसले नाही तरी काही महिन्यांनी पुन्हा करतात.