नर्ससाठी लावलेली घंटा

लघवीची कळ आली की संडासाकडे धावायचं नाही. जिथे असाल तिथेच थांबायचं, जमलं तर बसायचं, ओटीपोटाच्या तळाचे स्नायू चार-पाच वेळा झटझट आवळून सोडायचे, कळ ओसरू द्यायची आणि मग सावकाश चालत जायचं. अतिक्रियाशील मूत्राशयावरच्या वर्तनोपचाराचा हा गाभा. ऐकणाऱ्याला वाटतं, कुणा योगशिक्षकाने सांगितलं असावं. माझ्या मते या युक्तीचं मूळ १९०४ सालच्या एका विजेच्या घंटेत आहे, आणि ती घंटा रुग्णासाठी नव्हतीच.

ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात माइनहार्ड फॉन फाउंडलर नावाचे बालरोगतज्ज्ञ होते. वॉर्डातली मुलं झोपेत अंथरूण ओलं करायची आणि तशीच ओल्यात पडून राहायची. नर्सला लगेच कळावं म्हणून त्यांनी मुलाच्या अंगाखाली विजेची जोडणी केली. ओल लागली की घंटा वाजे आणि नर्स येऊन कपडे बदले. सोय एवढीच. पण काही आठवड्यांनी काही मुलं कोरडी राहू लागली, आणि हे फाउंडलर यांनी नोंदवून ठेवलं.

त्या नोंदीचं सोनं केलं अमेरिकेत मौरर दांपत्याने. होबार्ट मौरर येलमधले मानसशास्त्रज्ञ. न्यू हेवनमधल्या मुलांच्या एका निवासगृहात पती-पत्नींनी जाड सुती कापड आणि धातूची जाळी यांची गादी केली, तिला घंटा जोडली, आणि १९३८ साली ३० मुलांचा वृत्तांत छापला. सगळी मुलं कोरडी झाली, असा त्यांचा दावा होता.

आता भांडण. घंटेने नेमकं काय शिकवलं? मौरर यांचं उत्तर पावलॉवच्या घराण्यातलं: भरलेल्या मूत्राशयाची जाणीव आणि घंटा यांची गाठ पडते, पुढे घंटेवाचूनही मूल जागं होतं. ऐकायला छान, पण बरी झालेली पुष्कळ मुलं रात्री उठतच नाहीत. सकाळपर्यंत गाढ झोपतात आणि कोरडी असतात! मग जाग येण्याची गोष्ट कशाला सांगायची? १९६४ साली ऑस्ट्रेलियाचे लव्हिबाँड म्हणाले, घंटा मुलाला नकोशी असते. ती वाजू नये म्हणून शरीर आधीच आवळून घ्यायला शिकतं. लव्हिबाँड यांच्या बाकीच्या मांडणीवर पुष्कळ टीका झाली, ती होऊ दे. ‘आवळून घेणं’ मात्र मला सोडवत नाही. कारण १९७७ साली महोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मूत्राशयाच्या प्रतिक्षिप्त क्रियांचा जो नकाशा मांडला, त्यात ही एक आहे: तळाचे स्नायू आवळले की मूत्राशयाचा स्नायू सैलावतो. म्हणजे आवळणं हे नुसतं दार लावणं नाही, आतल्याला शांत हो म्हणणंही आहे. दचकलेलं मूल घंटेसरशी तळ आवळतं, मूत्राशय गप्प बसतं, आणि रात्री-रात्रींच्या सरावाने हे झोपेतच जमू लागतं. जागेपणी थांबून आवळणारी साठीची बाई हेच करते. फरक इतकाच की घंटेची जागा तिच्यासाठी कळेने घेतलेली असते.

हे कुळ मान्य नसलेले बरेच आहेत. बहुतेक जण लॉस एंजेलिसच्या अर्नोल्ड केगेल यांचं नाव घेतात (१९४८). त्यांच्याही आधी, १९३६ साली, नर्तकी मार्गारेट मॉरिसने लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमधल्या सिस्टर रँडेलसोबत बाळंतिणींच्या व्यायामाचं पुस्तक काढलं होतं. ग्रीक मूर्तींसारख्या नृत्यमुद्रा शिकलेली बाई फिजिओथेरपीत येते, ही हकिगत मला केगेलपेक्षा कितीतरी आवडते. पण केगेल यांच्याकडे येणाऱ्या बायकांची लघवी खोकताना, हसताना गळायची. त्यांना बळ हवं होतं. कळेच्या क्षणी काय करायचं, हा प्रश्नच वेगळा.

आपल्याकडचा दावेदार मूलबंध. हठयोगप्रदीपिकेच्या तिसऱ्या उपदेशात मूलबंधाने मूत्र आणि मळ कमी होतात असं म्हटलेलंच आहे, त्यामुळे हा दावा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. स्नायू तेच, आवळणंही तेच. तरीही तो मला पटत नाही. मूलबंध बसून, टाचेने शिवणीवर दाब देऊन, अपान वर खेचण्यासाठी बांधायचा असतो. कळ आली आहे की नाही, याच्याशी त्याचं देणंघेणं नाही. वर्तनोपचारात सगळी कमाई वेळ साधण्याची आहे. दाराच्या कुलपात किल्ली घालताना नेमकी कळ येते, तेव्हा काय करायचं हे प्रदीपिकेला कुणी विचारलेलं नव्हतं.

खरा तगडा प्रतिस्पर्धी आहे लिव्हरपूलचा. नॉर्मन जेफकोट यांचं स्त्रीरोगशास्त्राचं पुस्तक आपल्याकडच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या टेबलावर आजही असतं. त्यांनी आणि फ्रान्सिस यांनी १९६६ साली घाईच्या लघवीवर मूत्राशयाला शिस्त लावण्याचा मार्ग सांगितला, आणि पुढच्या दशकात फ्रूएन यांनी त्याची कवायतच बसवली. ठरल्या वेळेलाच जायचं, मधे नाही, आणि जमेल तसं मध्यंतर वाढवत तीन-चार तासांवर न्यायचं. इथे घंटा नाही, घड्याळ आहे. उपचाराचा अर्धा भाग या घराण्यातून आला हे मी मुकाट्याने मान्य करतो. पण मधल्या वेळात कळ कशी परतवायची, याला या कवायतीचं उत्तर मुख्यतः ‘धीर धरा’ असंच होतं.

उत्तर आलं बाल्टिमोरमधून, आणि तेही गुदद्वाराच्या वाटेने. मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड एंगेल यांनी १९७४ साली शौच न आवरणाऱ्या रुग्णांच्या गुदाशयात फुगा फुगवला आणि त्याच क्षणी स्नायू आवळायला शिकवलं. आवळलेलं बरोबर आहे की नाही, हे रुग्णाला समोरच्या आलेखावर दिसे. १९८५ साली कॅथरिन बर्जिओ, विल्यम व्हाइटहेड आणि एंगेल यांनी हीच रीत मूत्राशयाला लावली. संकेत, लगेच आवळणं, लगेच कळणारा परिणाम. मौरर यांच्या गादीची मांडणी याहून वेगळी नव्हती, आणि एंगेल, बर्जिओ त्याच मानसशास्त्राच्या शाळेत वाढलेले. माझ्या दृष्टीने कुळ जुळायला एवढं पुरे.

‘अतिक्रियाशील मूत्राशय’ हे नाव पुढे नव्वदच्या दशकात रूढ झालं. १९९८ साली बर्जिओ यांनी ५५ ते ९२ वयाच्या १९७ स्त्रियांवर ताळा केला: वर्तनोपचाराने लघवी सुटण्याचे प्रसंग सरासरी ८०.७ टक्के घटले, ऑक्सिब्युटिनिनच्या गोळ्यांनी ६८.५ टक्के, आणि नुसत्या खोट्या गोळीनेही ३९.४ टक्के. २०११ साली पुरुषांची पाळी आली. प्रोस्टेटसाठी अल्फा-ब्लॉकर चालू असलेल्या माजी सैनिकांत वर्तनोपचार गोळीच्या बरोबरीने उतरला, आणि गोळीने येणारी तोंडाची कोरड त्यात नव्हती.