किल्लारीची पहाट आणि सिस्टरची नजर

आज आपण किल्लारीबद्दल बोलणार आहोत, पण जमीन का हलली याबद्दल नाही. जमीन हलून थांबल्यावर वॉर्डात जे काम सुरू होतं, त्याबद्दल.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झालेली, गणपती बोळवून लोक उशिरा झोपलेले. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांतली ५२ गावं जवळजवळ भुईसपाट झाली. दगडामातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद. ते सगळं झोपलेल्या माणसांच्या अंगावर आलं. सरकारी आकड्यानुसार ७,९२८ माणसं गेली आणि सोळा हजारांच्या आसपास जखमी झाली.

हे जखमी मिळेल त्या वाहनानं लातूर, सोलापूर, अंबाजोगाईकडे निघाले. लातूरला तेव्हा शासकीय वैद्यकीय महाविद्यालय नव्हतं, ते पुढे २००२ साली आलं.

आता आम्ही इतिहासवाले या घटनेबद्दल काय सांगतो? मुख्यमंत्री शरद पवार तातडीनं पोहोचले, लष्कर आलं, जागतिक बँकेच्या मदतीनं पुनर्वसन झालं. सगळं खरं आहे आणि महत्त्वाचंही आहे. पण या कथेत खाटेशेजारी उभी असलेली सिस्टर कुठं दिसत नाही. आणि जखमी दवाखान्यात पोहोचला, की त्याचं जगणं बऱ्याच अंशी तिच्या नजरेवर असतं.

कसं ते बघू. दहा जखमी एकदम दारात आले. आधी कुणाकडे जायचं? आपलं लक्ष ओरडणाऱ्याकडे जातं. पण ओरडतोय म्हणजे त्याचा श्वास तरी चालू आहे. कोपऱ्यात गप्प पडलेला, हातपाय गार, नाडी जलद आणि बारीक, अंगाला घाम, असा माणूस आधी जाईल. त्याला आतून रक्तस्राव होत असू शकतो. हे ओळखायला यंत्र लागत नाही. हात लावावा लागतो आणि काय बघायचं ते माहीत असावं लागतं.

दुसरी गोष्ट आणखी फसवी. ढिगाऱ्याखाली काही तास पाय दबलेला माणूस बाहेर निघतो, बोलतो, पाणी मागतो. जखम फारशी दिसत नाही. सगळ्यांना वाटतं, वाचला. पण चिरडलेल्या स्नायूंतले घटक आता रक्तात उतरतात. पोटॅशियम वाढून हृदय थांबू शकतं, मूत्रपिंडं बंद पडू शकतात. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत होते, तेव्हा बायवॉटर्स आणि बील या दोघांनी १९४१ साली असे चार रुग्ण नोंदवले आणि जगाला हा आजार नीट कळला.

याची खूण कुठं दिसते? लघवीत. ती कमी होते आणि कोऱ्या चहासारखी गडद होते. म्हणून सलाईन लवकर सुरू करायचं आणि दर तासाला लघवी मोजून लिहायची. मोजतं कोण? सिस्टर. रात्री तीन वाजता आकडा खाली आलेला बघून डॉक्टरांना उठवायचं की सकाळपर्यंत थांबायचं, हे कोण ठरवतं? तीच. कामकाजाच्या भाषेत याला नोंद ठेवणं म्हणतात, पण हा निर्णय आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेलनं १८५९च्या आपल्या पुस्तकात रुग्णाच्या निरीक्षणावर एक अख्खं प्रकरण लिहिलं, ते उगाच नाही.

पण नजर असून भागत नाही, बघायला वेळ लागतो. इथं आपल्याला शेजारच्या नांदेडला जावं लागेल. किल्लारीला बरोबर तीस वर्षं झाली, आणि ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या काळात नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले. त्यात १२ नवजात बाळं होती. औषधांची टंचाई, रिक्त पदं, उशिरा आणि अत्यवस्थ येणारे रुग्ण, अशा कारणांवर वाद झाला. मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. दोष कुणाचा, हे ठरवायला आपण इथं बसलो नाही. पण प्रश्न एक विचारू. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष शिकवणाऱ्या रुग्णालयातल्या साध्या वॉर्डासाठी तीन रुग्णांमागे एक परिचारिका असा आहे. आपल्या माणसाला घेऊन आपण सरकारी वॉर्डात बसलोय, तेव्हा एका सिस्टरकडे किती खाटा होत्या? आठवून बघा.

तीस खाटा एकीकडे असल्या, तर दर तासाची लघवी दर तासाला मोजली जात नाही. गप्प पडलेला माणूस गप्पच राहतो. मग आपण म्हणतो, सिस्टरचं लक्ष नव्हतं.

किल्लारीत घरं का पडली हे आपण शोधलं आणि नवी घरं बांधण्याची पद्धत बदलली. वॉर्डात खाटेमागे किती डोळे आहेत, हेही त्याच गांभीर्यानं मोजायला हवं. भूकंप काही रोज येत नाही. रात्रपाळी रोज येते.