दऱ्यांच्या नावांतील केल्टिक वारसा

इसवी सनाच्या पाचव्या शतकापासून अँग्लो-सॅक्सन टोळ्या ब्रिटनमध्ये स्थिरावू लागल्या आणि तेथील केल्टिक भाषा हळूहळू पश्चिमेकडे हटत गेल्या. त्यांतील फारच थोडे शब्द इंग्रजीने स्वीकारले. जे टिकले, त्यांत दरीवाचक शब्द लक्षणीय आहेत.

वेल्श भाषेत दरीला 'कुम' म्हणतात. त्याच कुळातील 'कूम' हा शब्द इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागात, विशेषतः डेव्हन व सॉमरसेट परगण्यांत, अनेक ग्रामनामांच्या अखेरीस आढळतो. डेव्हनमधील सॉल्कम या गावाच्या नावाचा पूर्वार्ध जुन्या इंग्रजीतील 'मीठ', तर उत्तरार्ध केल्टिक 'दरी' होय. नवागतांजवळ दरीसाठी 'डेनू' हा स्वतःचा शब्द असताना त्यांनी उसना शब्द का घ्यावा? स्थलनामांच्या अभ्यासक मार्गारेट गेलिंग यांनी याचे उत्तर भूरूपांत शोधले. लांब, वळणावळणाची दरी ती 'डेनू'. आखूड, तीन बाजूंनी उतारांनी वेढलेली ती 'कूम'. हे उत्तर पटण्याजोगे आहे. घळ आणि खोरे यांत आपणही गल्लत करीत नाही.

हाच वेल्श शब्द थेट हिमालयात पोहोचला. १९२१ च्या मोहिमेत जॉर्ज मॅलरी यांनी एव्हरेस्टच्या पश्चिमेकडील हिमदरीला 'वेस्टर्न कुम' हे नाव दिले. नेपाळच्या बाजूने चढणाऱ्या गिर्यारोहकांची वाट आजही तिच्यातूनच जाते.

स्कॉटलंडमध्ये अरुंद दरी म्हणजे 'ग्लेन' आणि रुंद, सपाट तळाचे नदीखोरे म्हणजे 'स्ट्रॅथ'. स्ट्रॅथक्लाइड म्हणजे क्लाइड नदीचे खोरे. आयर्लंडमधील ग्लेंडालॉख या नावाचा अर्थ दोन तळ्यांची दरी, आणि ती दोन्ही तळी तेथे आहेत. प्राचीन फ्रान्समधील गॉलिश भाषेत दरीला 'नान्तो' म्हणत. वेल्शमधील 'नान्त' शब्दाचा अर्थ मात्र पुढे ओढा असा झाला.

नाव टिकले तरी दरी टिकतेच असे नाही. उत्तर वेल्समधील कुम ट्रवेरिन या दरीत लिव्हरपूल शहराच्या पाण्यासाठी धरण बांधण्याचा कायदा ब्रिटिश संसदेने १९५७ मध्ये संमत केला. एकाही वेल्श खासदाराने त्याच्या बाजूने मत दिले नव्हते. १९६५ मध्ये वेल्शभाषक कापेल केलिन हे गाव शाळा, प्रार्थनामंदिर व शेतांसह पाण्याखाली गेले. लिव्हरपूलच्या नगरपरिषदेने २००५ मध्ये त्याबद्दल क्षमा मागितली. जलाशयाला मात्र बुडालेल्या गावाचेच नाव मिळाले : लिन केलिन.