‘मेट्रोपोलिस’ आणि प्रतीची प्रत

फ्रिट्झ लांग यांचा ‘मेट्रोपोलिस’ हा विज्ञानपट 10 जानेवारी 1927 रोजी बर्लिनमध्ये प्रथम दाखवला गेला तेव्हा त्याची लांबी 4,189 मीटर होती; पण अमेरिकेत पॅरामाउंटने आणि जर्मनीत खुद्द निर्मात्या ‘उफा’ कंपनीने त्याला वर्षभरातच कात्री लावली आणि जवळजवळ एक चतुर्थांश चित्रपट दिसेनासा झाला. काटछाटीपूर्वीची एक प्रत मात्र आडोल्फो विल्सन या वितरकामार्फत अर्जेंटिनात पोहोचली होती. ती नायट्रेट फिल्मवर, म्हणजे नायट्रोसेल्युलोजच्या अतिज्वालाग्राही पट्टीवर असल्यामुळे, पुढे सुरक्षिततेसाठी तिची 16 मिलिमीटरच्या अरुंद फिल्मवर नक्कल करण्यात आली. त्या नकलेत मूळ पट्टीवरचे ओरखडे चित्राचाच भाग होऊन बसले आणि चौकटीची कड कापली गेली. 2008 मध्ये ब्युनॉस आयर्सच्या चित्रपट संग्रहालयात हीच नक्कल ओळखली गेली आणि सुमारे 25 मिनिटांची हरवलेली दृश्ये हाती आली. ज्या नकलेने चित्रपट तारला, तिनेच त्याची इजाही कायम केली, ही गोष्ट चित्रपटजतनाच्या इतिहासात फार मोलाची आहे.

कारण संगणकीय प्रत करतानाही काय राखायचे आणि काय गमवायचे हा निर्णय घ्यावा लागतो. पडद्यासाठीच्या 2के दर्जाने टिपलेली एक चौकट, पूर्ण रंगमाहितीसह, सुमारे 12 मेगाबाइट जागा घेते. सेकंदाला 24 चौकटी या हिशेबाने तासाभराच्या चित्रपटाला एक टेराबाइटहून अधिक जागा लागते. घरगुती वापराचे एच.264सारखे व्हिडिओ संकेतन हा भार हलका करण्यासाठी डोळ्याला सहसा न जाणवणारे तपशील टाकून देते आणि टाकलेले तपशील पुन्हा मिळत नाहीत. मिखाएल नीडरमायर यांनी 2003 च्या सुमारास घडवलेले एफएफव्ही1 हे संकेतन वेगळ्या रीतीने चालते: शेजारच्या बिंदूंवरून पुढच्या बिंदूचे मूल्य काय असेल याचा अंदाज बांधून ते केवळ अंदाज आणि वास्तव यांतला फरक नोंदवते, त्यामुळे जागा वाचते आणि तरीही मूळ चित्र बिंदूशः परत उभे राहते. त्याच्या तिसऱ्या आवृत्तीत चौकटीच्या प्रत्येक तुकड्यासोबत पडताळणीचा आकडा जोडता येतो, म्हणून फाइलमध्ये बिघाड झालाच तर तो नेमका कुठे आहे ते कळते. त्याची रचना सर्वांसाठी खुली आहे आणि 2021 मध्ये तिचे तपशीलवार वर्णन आरएफसी 9043 या दस्तऐवजात प्रसिद्ध झाले. एखादी कंपनी बंद पडली तरी प्रत वाचता यावी, ही अभिलेखागारांची गरज त्यातून भागते.

बर्लिनमध्ये फेब्रुवारी 2010 मध्ये ‘मेट्रोपोलिस’ची पुनर्रचित प्रत दाखवली गेली, तेव्हा अर्जेंटिनातून आलेली दृश्ये संगणकाने स्वच्छ करूनही ओरखड्यांवरून ओळखू येत होती. चित्रपटातील फ्रेडरसन आणि रोटवांग या दोन पात्रांची झटापट मात्र अर्जेंटिनातल्या नकलेतही सापडली नाही. तिच्या जागी पडद्यावर केवळ तिचे लेखी वर्णन येते.