मोटारीचा डायनामो आणि त्याची परीक्षा

जुनी मोटार उभी राहिली आणि बॅटरी उतरली कीं, सर्व दोष डायनामोच्या माथीं मारून तो उपटून काढण्याची घाई होते. त्याच्या जागीं नव्या पद्धतीचा आल्टरनेटर बसतो, आणि मोटारीचा एक मूळ अवयव भंगारांत जातो. पुष्कळदां हा अवयव निर्दोष असतो. दोष असतो तो त्याची परीक्षा न घेण्यांत.

आरंभींच्या मोटारींना वीज लागे ती बहुतेक ठिणगीपुरती. १९०८ सालीं निघालेली फोर्डची ‘टी’ मोटार दांडा फिरवून सुरू करावी लागे. ठिणगीसाठीं फ्लायव्हीलवरचा मॅग्नेटो असे, आणि समोरचे दिवे ॲसिटिलीन वायूवर जळत. १९१२ च्या कॅडिलॅकमध्यें चार्ल्स केटरिंग याची विजेनें एंजिन सुरू करण्याची युक्ति आली, आणि तेव्हांपासून मोटारीच्या पोटांत एक लहानसें वीजघरच येऊन बसलें. डायनामोनें वीज निर्माण करावी, बॅटरीनें ती सांठवावी, आणि मधल्या कटआउटनें दोघांत द्वारपाळाचें काम करावें, अशी ही व्यवस्था.

कृष्णाकांठच्या प्रदेशाला यंत्रविद्या परकी नव्हती. औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं दिलेल्या कुंडल रोडच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९१० सालीं कारखाना घातला. कऱ्हाडजवळ ओगलेवाडीस कांच व कंदील होऊं लागले, सातारा रोडला धनजीशा कूपर यांचा नांगरांचा व एंजिनांचा कारखाना उभा राहिला. पुण्याहून मिरजेकडे जाणाऱ्या एकाच रेल्वेमार्गालगत हीं तिन्ही गांवें आहेत. डायनामो मात्र परदेशांतून, मोटारीबरोबरच येई. १९२८ पासून जनरल मोटर्सचा मुंबईचा कारखाना सुटे भाग जोडून शेव्हरोलेट गाड्या काढूं लागला, आणि त्या पद्धतीच्या अमेरिकन गाड्यांबरोबर तीन ब्रशांचा डायनामोहि दख्खनच्या रस्त्यांवर आला.

हा डायनामो स्वभावानें कांहींसा हट्टी. बॅटरी भुकेली आहे कीं तृप्त, याची त्याला पर्वा नसते. मध्यम वेगांत तो सर्वांत जास्त प्रवाह देतो, वेग त्याहून वाढला कीं हात आंखडतो. सातारा ते सांगली असा दिवसा लांबचा प्रवास झाला म्हणजे बॅटरी तापून तिचें पाणी आटे. म्हणून जाणते ड्रायव्हर भर दुपारीं दिवे लावून गाडी हांकीत. पाहणाऱ्यास तें वेड वाटे, पण त्यांत पूर्ण शहाणपण होतें. या जातीच्या गाडींत एंजिन चालूं असतां बॅटरीची तार काढून ‘चार्जिंग’ पाहण्याची खोड तर फार घातक. बॅटरीचा आधार सुटतांच दाब एकदम चढतो आणि दिवे व वेटोळीं जळतात.

पुढच्या काळांतील लुकसच्या दोन ब्रशांच्या डायनामोवर ‘डी’ व ‘एफ’ अशीं दोन टोकें असतात. त्याची परीक्षा सोपी आहे. प्रथम पट्टा सैल नाहीं आणि बॅटरीचीं टोकें स्वच्छ आहेत हें पाहावें. मग डायनामोवरील दोन्ही तारा सोडवून ‘डी’ व ‘एफ’ हीं टोकें एका आंखूड तारेनें जोडावीं. व्होल्टमीटरची एक तार त्या जोडास व दुसरी गाडीच्या सांगाड्यास लावावी. एंजिनाचा वेग हळूहळू वाढवितां कांटा न थरथरतां झपाट्यानें चढला पाहिजे. बारा व्होल्टांच्या गाडींत वीस व्होल्टांपुढें तो जाऊं देऊं नये. कांटा मुळींच हालला नाहीं तर ब्रश पाहावेत. अर्ध्या-एका व्होल्टावर अडला तर फील्डचीं वेटोळीं, आणि ठरलेल्या दाबाच्या निम्म्यावर घुटमळला तर आर्मेचर, असा संशय धरावा. कम्यूटेटर काळवंडला असल्यास तो बारीक कांचकागदानें घांसावा. एमरी वापरूं नये, तिचे कण तांब्यांत रुतून बसतात.

येथें डायनामो उत्तीर्ण झाला तर दोष पुढें, तारांत किंवा कटआउटच्या पेटींत शोधावा. कटआउटचे ओठ चिकटून राहिले तर एंजिन थांबल्यावर बॅटरीची वीज उलट डायनामोंत वाहते, आणि सकाळीं गाडी निपचित पडलेली आढळते.

वाड्याच्या पडवींत वर्षानुवर्षें उभ्या राहिलेल्या गाडीची गोष्ट आणखी वेगळी. तिच्या डायनामोच्या लोखंडांतील उरलेलें चुंबकत्व विरून गेलेलें असतें, आणि त्या बीजावांचून विजेचा अंकुर फुटत नाहीं. बॅटरीच्या जिवंत टोकाची तार सुट्या केलेल्या ‘एफ’ टोकास क्षणभर टेकविली कीं तें पुन्हा जागें होतें. तत्पूर्वीं बॅटरीचें कोणतें टोक सांगाड्यास जोडलेलें आहे तें मात्र नक्की करावें. पुष्कळ जुन्या इंग्रजी मोटारींत तें धन टोक असतें, आणि उलट जोडणी झाली तर डायनामो उलट्या दिशेनें वीज देऊं लागतो.

सर्व कांहीं ठीक जुळल्यावरहि एंजिन मंद चालत असतां अँमीटरचा कांटा उणेकडे झुकलेला दिसेल. त्या वेगांत डायनामोचा दाब बॅटरीहून कमी असतो व कटआउट उघडा राहतो, म्हणून तो दोष समजूं नये. पसरणीचा घाट चढून गाडी पांचगणीच्या सपाटीवर वेगास लागली कीं तोच कांटा अधिककडे वळतो.