नवख्याचं स्वागत कोणी करायचं? लंडनमधल्या दोन घरांची गोष्ट



मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याने विचारलं होतं, की तत्त्वज्ञानाचा माणूस इतिहासाच्या वाटेला का जातो? आमचं उत्तर साधं आहे. तत्त्वज्ञानातले प्रश्न हवेत राहिले की गोड लागतात. ते एखाद्या घरात, एखाद्या तारखेला, एखाद्या माणसापुढे उभे राहिले म्हणजे खरे कळतात. आजचा प्रश्नही तसाच आहे: परक्या गावात नव्याने आलेल्या माणसाचं स्वागत कोणी करायचं, आणि कशासाठी?

हा प्रश्न आम्हाला आमच्याच घराजवळ भेटला. निवृत्तीनंतर आम्ही जुनं घर सोडून मुलाच्या जवळ, शहराच्या नव्या भागात राहायला आलो. इथे कोणीच मूळचं नाही. चारसहा ज्येष्ठांनी मिळून आम्ही नवागतांसाठी एक मंडळ सुरू केलं. महिन्यातून एक सहल, एक व्याख्यान, नंतर चहा आणि उपमा. एक गृहस्थ चार कार्यक्रमांना आले, चारही वेळा शेवटच्या रांगेत बसले आणि पाचव्यापासून यायचे बंद झाले. आम्ही घरी जाऊन चौकशी केली. ते शांतपणे म्हणाले, "सर, तुम्ही दर वेळी विचारलंत, इथे कसं वाटतंय. पण मला काय येतं, हे कोणी विचारलं नाही."

हे वाक्य आमच्या मनातून जाईना. म्हणून आम्ही पुन्हा एक जुनं प्रकरण वाचायला घेतलं. ते आज तुमच्यापुढे मांडतो.

आधी दोन शब्दांकडे पाहू. 'अतिथी' म्हणजे ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. दुसरी व्युत्पत्ती 'अत्' या धातूपासून लावतात. अत् म्हणजे चालत राहणं. दोन्हींत एक गोष्ट समान आहे, ती म्हणजे अतिथी परत जाणारा असतो. नवखा मात्र राहायला आलेला असतो. आपल्या सगळ्या आतिथ्यधर्मात या दुसऱ्या माणसासाठी फारशी जागा नाही.

इमॅन्युएल कांट याने १७९५ साली 'शाश्वत शांतते'वरच्या निबंधात हाच भेद वेगळ्या रीतीने केला. परक्या भूमीवर पाय ठेवणाऱ्याला शत्रूसारखं वागवलं जाऊ नये, हा त्याचा हक्क आहे, असं कांट म्हणतो. ही भूतदया नाही, हक्क आहे. पण तो हक्क भेट देण्याचा. पाहुणा म्हणून घरात राहायचं तर निराळा करार हवा. बरं, तो करार कोण लिहितो? ज्याचं घर, तो. आणि इथेच आमची गोष्ट सुरू होते.

राजा राममोहन रॉय १८३३ साली इंग्लंडमधल्या ब्रिस्टल गावी वारले. त्या गावातल्या मेरी कार्पेंटर या तरुणीने त्यांना पाहिलं होतं. पुढे गरीब मुलांच्या शिक्षणात तिने आयुष्य घातलं, १८६६ साली हिंदुस्थानात आली, आणि १८७० मध्ये, केशवचंद्र सेन इंग्लंडला गेले त्या वर्षी, तिने ब्रिस्टलला 'नॅशनल इंडियन असोसिएशन' स्थापन केली. हेतू असा की इंग्रजांना हिंदुस्थानची माहिती व्हावी आणि तिथल्या सुधारणांना, विशेषतः स्त्रीशिक्षणाला, हातभार लागावा.

पण संस्थेचं रूप हळूहळू पालटलं, कारण लंडनच्या रस्त्यांवर हिंदी विद्यार्थी दिसू लागले होते. बॅरिस्टरी, वैद्यकी, आयसीएस यांसाठी मुलं येत. अठरा-वीस वर्षांची पोरं, बोटीवरून उतरली की कुठे राहावं, काय खावं, कोणाशी काय बोलावं, काही ठाऊक नाही. १८७७ पासून संस्थेच्या चिटणीस झाल्या एलिझाबेथ ॲडलेड मॅनिंग. १९०५ साली वारेपर्यंत, म्हणजे जवळजवळ अठ्ठावीस वर्षं, या बाईंनी ते काम चालवलं. संध्याकाळचे मेळावे, त्यात थोडं गाणंबजावणं आणि फराळ, व्याख्यानं, प्रेक्षणीय स्थळांच्या सहली, इंग्रज कुटुंबांशी ओळखी. संस्थेचं मासिक होतं, त्यात या सगळ्याचे वृत्तांत येत. नाशिकला जन्मलेल्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी १८८९ साली ऑक्सफर्डला जाण्यासाठी आल्या, तेव्हा लंडनमध्ये त्यांना आधार होता तो मॅनिंगबाईंचा.

या मेळाव्यांत एक मुलगा येई. १८८८ च्या सप्टेंबरअखेर तो लंडनला उतरला, तेव्हा त्याला एकोणीस पूर्ण व्हायची होती. तो तोंड मिटून बसे. कोणी विचारलं तरच बोले. त्याचं नाव मोहनदास गांधी. आत्मकथेत त्यांनीच हे सांगितलं आहे, आणि मॅनिंगबाईंना आपला बुजरेपणा माहीत होता असंही. शेवटच्या रांगेतले आमचे गृहस्थ आठवतात की नाही?

आता बघा, बाईंनी काय केलं. त्यांनी गांधींची गाठ नारायण हेमचंद्र या गुजराती लेखकाशी घालून दिली. नारायण हेमचंद्रांना इंग्रजी येत नव्हतं. कपडे असे की लोकांनी वळून पाहावं. टाय नाही, कॉलर नाही, डोक्यावर गोंड्याची लोकरी टोपी. गांधी त्यांना इंग्रजी शिकवू लागले. दोघे आपापलं शिजवत. एकदा हेमचंद्रांनी कुठून तरी मूग पैदा केले, शिजवले आणि गांधींकडे घेऊन आले. तिथून पदार्थांची देवाणघेवाण सुरू झाली. जो मुलगा मेळाव्यात मुका बसायचा, तो आता गुरुजी झाला होता.

पुढची पायरी तर अधिक मोलाची. लंडन सोडण्याआधी गांधी बेजवॉटर भागात राहत होते, तिथे त्यांनी शाकाहाऱ्यांचं एक मंडळ काढलं. अध्यक्ष डॉ. ओल्डफील्ड, उपाध्यक्ष एडविन आर्नोल्ड, आणि चिटणीस स्वतः. गांधींनी बिऱ्हाड बदललं आणि काही महिन्यांत मंडळ बंद पडलं. पण संस्था कशी चालवावी याचा पहिला धडा आपल्याला तिथे मिळाला, असं ते लिहितात. यजमान शहरातल्या दोन मातब्बर माणसांना पदं देणारा हा नवखा पाहुणा नव्हता, यजमान झाला होता. आमच्या मते नवख्याचं स्वागत पुरं होतं ते इथे.

पण याच संस्थेची दुसरी बाजू आहे, ती झाकून चालणार नाही. हिंदुस्थानातल्या पालकांनी विनंती केली तर असोसिएशन त्यांच्या मुलावर देखरेख ठेवी. त्यात वाईट काय, असं वाटेल. मुलगा सहा हजार मैलांवर, बापाचा जीव टांगणीला. पण देखरेख करणारे कोण? त्यांतले कित्येक निवृत्त अधिकारी, ज्यांनी आयुष्यभर या मुलांच्या देशावर राज्य केलं. चहाचा पेला पुढे करणारा हात आणि अहवाल लिहिणारा हात एकच असेल, तर चहाची चव बदलते.

म्हणून दुसरं घर उभं राहिलं. १ जुलै १९०५. हायगेटमध्ये क्रॉमवेल ॲव्हेन्यूवर श्यामजी कृष्ण वर्मांनी 'इंडिया हाउस' उघडलं. उद्घाटन इंग्रज समाजवादी हिंडमन यांनी केलं. दादाभाई नौरोजी आणि मादाम कामा हजर होत्या. पंचवीसेक विद्यार्थ्यांची राहण्याची सोय. पुढच्या वर्षी टिळकांच्या शिफारशीने, श्यामजींची शिवाजी शिष्यवृत्ती घेऊन, विनायक दामोदर सावरकर तिथे आले. मग रविवारच्या सभा, व्याख्यानं, शिवजयंती, १८५७ च्या उठावाचा स्मरणदिन. इथल्या वर्तमानपत्रांसाठी सावरकर लंडनची बातमीपत्रं मराठीत लिहीत.

वरवर पाहिलं तर कार्यक्रम तेच. भाषण, गाणं, जेवण, ओळखी. फरक एवढाच की इथे नवखा कोणाचा उपकृत नव्हता. आपली भाषा, आपलं अन्न, आपले सण. पण मंडळी, प्रामाणिकपणे सांगायचं तर या घरालाही अट होती. श्यामजींची शिष्यवृत्ती घेणाऱ्याने पुढे ब्रिटिश सरकारची नोकरी करायची नाही. अट उदात्त असेल, पण अट होतीच. पहिल्या घराला राजनिष्ठ तरुण हवा होता, दुसऱ्याला देशभक्त. आणि ज्याला अजून काहीच ठरवता आलेलं नाही, त्या गोंधळलेल्या मुलाने जायचं कुठे?

सरकारला या मुलांची काळजी वाटू लागली, म्हणजे त्यांच्यापासून स्वतःची काळजी वाटू लागली. १९०७ साली सर विल्यम ली-वॉर्नर यांची समिती नेमली. समितीने विद्यार्थ्यांच्या साक्षी घेतल्या, अहवाल लिहिला आणि सरकारने तो दडवून ठेवला. तो छापून आला थेट १९२२ मध्ये, लिटन समितीच्या अहवालासोबत. ज्यांच्याबद्दल अहवाल लिहिला, त्यांनाच तो पंधरा वर्षं वाचता आला नाही. यावरून हे 'स्वागत' कोणासाठी होतं ते दिसतं.

आता त्या रात्रीकडे येऊ. १ जुलै १९०९. इंडिया हाउस उघडल्याला बरोबर चार वर्षं झाली होती. साउथ केन्सिंग्टनमधल्या इंपीरियल इन्स्टिट्यूटच्या जहांगीर हॉलमध्ये नॅशनल इंडियन असोसिएशनचा स्नेहमेळावा होता. संगीत झालं, फराळ झाला, अकराच्या सुमारास लोक निघू लागले. भारतमंत्र्यांचे राजकीय सहायक सर कर्झन वायली यांच्याजवळ एक विद्यार्थी बोलायला गेला आणि त्याने गोळ्या झाडल्या. मध्ये पडलेले पारशी डॉक्टर कावस लालकाका हेही प्राणाला मुकले. तो विद्यार्थी म्हणजे मदनलाल धिंग्रा. १७ ऑगस्टला त्यांना पेंटनव्हिलच्या तुरुंगात फाशी झाली.

या घटनेवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. कोणी त्यांना हुतात्मा म्हणतं, कोणी त्या कृत्याचा निषेध करतं. तो वाद आज आमचा विषय नाही. आम्हाला एक लहान तपशील खुपतो. धिंग्रांच्या भावाने वायलींना पत्र लिहून विनंती केली होती, की मदनलालकडे जरा लक्ष द्या. वायलींनी त्याप्रमाणे मदनलालला पत्र पाठवलं. एका बाजूने पाहिलं तर ही कुटुंबाची काळजी. दुसऱ्या बाजूने पाहिलं तर सत्तेची नजर थेट घरात शिरली, आणि तीही आपल्याच भावाच्या हातून. काळजी आणि पाळत यांतली रेघ पुसली गेली की काय होतं, हे त्या सभागृहात दिसलं. हत्येचं हे समर्थन नव्हे. पण मेळावा म्हणजे निरुपद्रवी गोष्ट, असं समजणाऱ्यांनी ही तारीख लक्षात ठेवावी.

सरकारने काय धडा घेतला? सगळं एकाच छपराखाली आणलं. १९१० मध्ये २१, क्रॉमवेल रोड या इमारतीत असोसिएशन, नॉर्थब्रुक सोसायटी आणि विद्यार्थ्यांचं सरकारी माहिती केंद्र एकत्र बसलं. केंद्राचे प्रमुख टी. डब्ल्यू. आर्नोल्ड हे लाहोरला इक्बालांचे शिक्षक होते, थोर अभ्यासक. माणूस चांगला असूनही बरेच विद्यार्थी त्या इमारतीकडे संशयानेच पाहत. विश्वास एकदा गेला की चांगला माणूस नेमून परत येत नाही.

याच काळातला एक प्रसंग आम्हाला फार आवडतो. २४ ऑक्टोबर १९०९, दसऱ्याचं भोजन. जागा पुन्हा बेजवॉटरच, जिथे गांधींनी अठरा वर्षांपूर्वी मंडळ काढलं होतं. आता गांधी दक्षिण आफ्रिकेचे प्रतिनिधी म्हणून आले होते, आणि अध्यक्षस्थानी होते. दुसरे वक्ते सावरकर. राजकारण बोलायचं नाही असं ठरलेलं. दोघेही रामायणावर बोलले, आणि एकाच कथेतून दोघांनी एकमेकांविरुद्ध अर्थ काढले. पुढच्याच महिन्यात परतीच्या बोटीवर गांधींनी 'हिंद स्वराज' लिहिलं. शतकभर चाललेला वाद अशा रीतीने परदेशातल्या एका सणाच्या पंगतीत समोरासमोर आला होता. त्या रात्री तिथे कोणी यजमान नव्हतं, कोणी पाहुणा नव्हता. मतभेद होते, पण पंगत एक होती.

पुढे १९२० साली के. टी. पॉल यांच्या पुढाकाराने वायएमसीएचं हिंदी विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह लंडनमध्ये निघालं. चालवणारे हिंदी होते, आणि मताची अट नव्हती. १९३२ मध्ये लंडनचं महाराष्ट्र मंडळ आलं. तो विस्तार पुन्हा कधी तरी.

मग आमच्या मूळ प्रश्नाचं काय? आम्हाला तीन गोष्टी दिसतात. स्वागत करणाऱ्याने स्वतःला विचारावं, की या माणसाकडून मला काय हवं आहे. दुसरं, काळजीची चौकशी त्या माणसाच्या तोंडावर करावी, पाठीमागे नव्हे. तिसरं, शक्य तितक्या लवकर त्याच्या हाती काही काम द्यावं. मॅनिंगबाईंनी बुजऱ्या मुलाला बोलायला शिकवलं नाही, त्याच्यापुढे त्याच्याहून अडलेला माणूस आणून ठेवला.

आमच्या मंडळातल्या त्या गृहस्थांकडे आम्ही मागच्या आठवड्यात पुन्हा गेलो होतो. या वेळी कसं वाटतंय, हे विचारलं नाही. त्यांना काय येतं, ते विचारलं. ते बराच वेळ बोलले. पुढच्या सहलीची जबाबदारी घ्याल का, असं विचारल्यावर म्हणाले, "विचार करून सांगतो." अजून सांगितलेलं नाही. आम्ही वाट पाहतो आहोत, आणि पुन्हा फोन करून पाळत ठेवायची नाही, असं ठरवलं आहे.

इथे थांबतो. तुमच्या गावात, तुमच्या सोसायटीत नव्याने आलेल्यांसाठी कोणी काय करतं, ते आम्हाला जरूर कळवा.